युद्धोत्तर पूर्व आशियाच्या इतिहासात पोस्टडॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकून इतिहासाकडे वळलेली मुलं, दिल्लीत चिनी किंवा कोरियन अभ्यासात पीएचडी करणारे मराठी विद्यार्थी आणि त्यांचे काळजीत पडलेले आईवडील मला पत्रं लिहितात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच सांगण्यासारखं जास्त आहे.

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं आणखी एक शिक्षण का?

नाही. ती ठरावीक मुदतीची नोकरी आहे. बहुधा एक ते तीन वर्षांची, पगार किंवा स्टायपेंड असलेली, आणि शेवटी कुठलीही पदवी न देणारी. तुम्ही प्रबंध पूर्ण केलेला असतो. आता त्याचं पुस्तक करायचं, नवा विषय हाती घ्यायचा आणि विद्यापीठातल्या लोकांबरोबर सहकारी म्हणून वावरायचं. घरी विचारतात, ‘एवढं शिकून अजून शिकतेच आहेस?’ त्यांना सरळ सांगा की ही संशोधकाची नोकरी आहे, फक्त कायम नाही.

सगळ्या जाहिराती सारख्याच असतात का?

मुळीच नाही, आणि सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. जागा दोन जातींच्या असतात.

पहिल्या जातीत प्रश्न तुमचा असतो. तुम्ही आराखडा देता आणि संस्था तुम्हाला वेळ, टेबल आणि ग्रंथालय देते. दुसऱ्या जातीत प्रश्न आधीच ठरलेला असतो. एखाद्या प्राध्यापकाला मोठा निधी मिळालेला असतो आणि त्यातला एक तुकडा उचलायला माणूस हवा असतो. केंब्रिज विद्यापीठात बराक कुशनर यांच्या नेतृत्वाखाली युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या निधीवर असा एक प्रकल्प झाला. १९४५ ते १९६५ या वीस वर्षांत जपानी साम्राज्य कसं विरघळलं आणि त्या पोकळीत राज्य करण्याचा हक्क कुणी कसा सांगितला, हा त्याचा विषय. अशा ठिकाणी तुमचा प्रबंध कितीही सुंदर असला तरी पहिला प्रश्न येतो तो हा, की आमच्या कोड्यातला कुठला तुकडा तुमच्याकडे आहे?

माझा पहिला अर्ज असाच गेला. जागा युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांवरच्या प्रकल्पात होती आणि मी चार पानं माझ्या प्रबंधाचं कौतुक लिहिलं. खटल्यांवर एक परिच्छेद होता, तोही शेवटी. नकाराचं पत्र दोन ओळींचं आलं आणि ते योग्यच होतं.

‘युद्धोत्तर’ म्हणजे नेमकं कधीपासून?

मुलाखतीत हा प्रश्न सरळ विचारत नाहीत, पण प्रत्येक प्रश्नाच्या पोटात तो असतो. १५ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या सम्राटाचं भाषण रेडिओवरून ऐकवलं गेलं, २ सप्टेंबरला शरणागतीवर सह्या झाल्या. पाठ्यपुस्तक इथे थांबतं. लोकांचं आयुष्य थांबलं नाही. चीनमध्ये यादवी पुन्हा पेटली ती १९४९ पर्यंत चालली. तैवानमध्ये २८ फेब्रुवारी १९४७ ला उठाव सुरू झाला आणि तो चिरडला गेला. पुढे मे १९४९ ते जुलै १९८७ असा अडतीस वर्षांचा लष्करी कायदा आला. कोरियात जेजू बेटावर १९४८ मध्ये रक्तपात सुरू झाला आणि १९५० मध्ये पूर्ण युद्ध. साम्राज्यभर विखुरलेले साठ लाखांहून अधिक जपानी सैनिक आणि नागरिक मायदेशी परतत होते. उलट जपानमध्ये राहिलेल्या कोरियन लोकांचं, साम्राज्याचे प्रजाजन म्हणून असलेलं जपानी नागरिकत्व २८ एप्रिल १९५२ ला गेलं, जपानशी झालेला सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता तह अमलात आला त्याच दिवशी.

शब्दही तपासून वापरा. जपानीत १५ ऑगस्ट १९४५ ला ‘शूसेन’ म्हणतात, म्हणजे युद्धाचा शेवट. ‘हाइसेन’ म्हणजे पराभव, तो शब्द बरेच जण टाळतात. कोरियात तोच दिवस ‘ग्वांगबोक’, प्रकाश परत मिळाल्याचा दिवस. आपला १५ ऑगस्टही त्या तारखेला बांधलेला आहे: माउंटबॅटन यांनी जपानच्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन म्हणून तो निवडला होता. कुठला शब्द वापरता यावरून तुम्ही कुणाच्या खिडकीतून बघता आहात ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

भाषा किती यायला हवी?

एक भाषा कागदपत्रं वाचण्याइतकी पक्की आणि दुसरी कामचलाऊ. जपानीची एन-वन परीक्षा पास झालात तर उत्तमच, पण ती परीक्षा छापील मजकुराची आहे. १९४६ नंतर जपानने चिनी चिन्हं सोपी आणि मोजकी केली, रोजच्या वापरासाठी १८५० चिन्हांची यादी काढली. त्याआधी शाळा शिकलेला माणूस १९५० मध्येही जुन्याच वळणाने पत्र लिहीत होता. ज्यांनी पेशवे दप्तरातले मोडी कागदांचे रुमाल सोडवले आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको. देवनागरी येते म्हणून मोडी वाचता येत नाही, तसंच हे आहे. हस्ताक्षराचा सराव वेगळा करावा लागतो आणि तो कुणाच्या तरी शेजारी बसूनच होतो. भाषांतराचं ॲप छापील बातमीचा गोषवारा सांगेल, पण भिजून फाटलेल्या पोस्टकार्डावरच्या पेन्सिलीच्या अक्षरापुढे त्याचा काही उपयोग होत नाही.

तारखांचंही तसंच. आपण शके वाचलं की ७८ मिळवतो. जपानी कागदावर शोवा २० दिसलं तर १९२५ मिळवा, १९४५ येतं. तैवानमध्ये मिंगुओ ३६ असेल तर १९११ मिळवा. दक्षिण कोरियाच्या १९६१ पर्यंतच्या सरकारी कागदांवर ४२८३ असा आकडा दिसला तर दचकू नका, तो दानगुन शक आहे. २३३३ वजा करा, १९५०. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे तीन आकडे अजून लिहिलेले आहेत.

जागा कुठे कुठे निघतात?

जपानसाठी सगळ्यात ओळखीचा रस्ता म्हणजे जपान सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ सायन्सची पोस्टडॉक फेलोशिप. नावात सायन्स असलं तरी इतिहासालाही मिळते. साधारण बारा ते चोवीस महिने, आणि पीएचडी मिळून सहा वर्षांच्या आत असावं लागतं. तिथला यजमान प्राध्यापक तुमच्या वतीने अर्ज करतो, म्हणून आधी तो माणूस शोधायचा. तैपेईत अकॅडेमिया सिनिका ही संस्था आहे, तिच्यात आधुनिक इतिहासाचं स्वतंत्र केंद्र आहे. कोरियात सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचं क्यूजांगगाक हे कोरियन अभ्यासाचं केंद्र आणि सोलजवळची अकॅडमी ऑफ कोरियन स्टडीज. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात एशिया रिसर्च इन्स्टिट्यूट, अमेरिकेत हार्वर्डची रायशाउअर आणि फेअरबँक ही केंद्रं. भारतात भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची पोस्टडॉक फेलोशिप आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची सूचनाच वाचा. मागच्या वर्षी कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

चीनमधले दस्तऐवज बंद झालेत म्हणतात. मग १९४९ नंतरच्या चीनवर काम करायचं कसं?

अडचण खरी आहे. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अभिलेखागार २००४ मध्ये उघडलं आणि जगभरचे अभ्यासक तिथे धावले. २०१२-१३ च्या सुमारास बहुतेक फाइली पुन्हा आत गेल्या. आता लोक वळसा घेऊन जातात. तैपेईच्या गुओशिगुआन या राष्ट्रीय इतिहास संस्थेत चिनी राष्ट्रवादी नेते च्यांग काय-शेक यांची कागदपत्रं आहेत आणि त्यातली पुष्कळ घरबसल्या दिसतात. अमेरिकेच्या कॉलेज पार्कमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपान अमेरिकेच्या ताब्यात होता त्या काळातली दप्तरं आहेत आणि कोरियन युद्धात हाती लागलेली उत्तर कोरियाची कागदपत्रंही. एक कळकळीची सूचना. ज्या देशात बोलण्याची किंमत मोजावी लागते तिथल्या वृद्ध माणसाची मुलाखत घेताना आपल्या तळटिपेपेक्षा त्याची सुरक्षितता मोठी समजा.

भारतीय उमेदवाराकडे असं काय आहे जे तिथल्याकडे नाही?

हा प्रश्न बहुतेक जण संकोचत विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: युद्धोत्तर पूर्व आशियाच्या मधोमध भारत उभा आहे आणि त्याची कागदपत्रं आपल्या दारात पडून आहेत.

जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांसाठी चाललेला टोकियो खटला घ्या. मे १९४६ ते नोव्हेंबर १९४८. त्यातले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं वेगळं निकालपत्र लिहिलं. टोकियोतल्या यासुकुनी या युद्धमृतांच्या मंदिराच्या आवारात २००५ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं. तिथे त्यांचं नाव एका बाजूने वापरलं जातं आणि आपल्याकडेही अभिमानाने अर्धवट सांगितलं जातं. पाल यांनी अत्याचार झालेच नाहीत असं म्हटलेलं नाही. अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे हे त्यांनी मान्य केलं आणि आरोपींना कायद्याच्या मुद्द्यांवर सोडावं असं म्हटलं. मुलाखतीला जाण्याआधी ते निकालपत्र वाचा. भारतीय उमेदवाराला पाल यांच्याबद्दल विचारतातच.

भारताने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला जायला नकार दिला आणि ९ जून १९५२ ला जपानशी वेगळा तह केला. ती चर्चा दिल्लीच्या फाइलींत आहे.

आता आपल्या मातीतली गोष्ट. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला अजून लोक ओकायामा गार्डन म्हणतात. तिथल्या तळ्याकाठी फोटो काढणाऱ्या किती जणांना माहीत असेल की १९४६-४७ मध्ये जपानवर ताबा ठेवणाऱ्या राष्ट्रकुल फौजेतल्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनचं मुख्यालय याच ओकायामात होतं, आणि तिच्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पलटणही होती? सातारा-कोल्हापूरकडची मुलं हरलेल्या जपानच्या गावांत पहारा देत होती. स्वतः पारतंत्र्यातली फौज दुसऱ्या देशावर ताबा ठेवून होती. त्यांनी घरी काय लिहिलं असेल? तिकडच्या लोकांनी त्यांना कसं पाहिलं? हा विषय मराठी आणि जपानी दोन्ही येणाऱ्या माणसाची वाट बघतो आहे.

आणि कोरिया. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी होते. त्यांना सांभाळायला भारताची कस्टोडियन फोर्स गेली. या कैद्यांचा प्रश्न सोपवलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायचं नाकारलं. म्हणून इंचनला जहाजावरून उतरलेल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. शेवटी ८८ कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि १९५४ मध्ये ते आपल्या फौजेबरोबर भारतात आले. त्यातले बरेच पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले.

थोरातांनी आत्मचरित्र लिहिलं आहे. पण एकट्या सेनापतीच्या आठवणींवर इतिहास उभा राहत नाही. त्याच दिवसांबद्दल अमेरिकन अहवाल काय म्हणतो, कैद्यांनी मागाहून काय सांगितलं, बीजिंगच्या वृत्तपत्राने काय छापलं, हे शेजारी शेजारी ठेवता आलं पाहिजे. यासाठी पोस्टडॉकची दोन वर्षं लागतात.

यजमान प्राध्यापकाला पहिलं पत्र कसं लिहावं?

अर्ध्या पानाचं. त्यांचं कुठलं काम वाचलं आणि त्यातला कुठला मुद्दा तुम्हाला पुढे न्यायचा आहे ते एका वाक्यात. तुमच्याकडचा कुठला कागद त्यांनी पाहिलेला नाही ते दुसऱ्या वाक्यात. ‘मला जपानी संस्कृतीची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य खरं असलं तरी गाळा. शक्य असेल तर पत्र त्यांच्या भाषेत लिहा आणि पाठवण्याआधी आपल्या जुन्या शिक्षिकेला दाखवा. मी जपानीतलं आदरार्थी क्रियापद चुकवलं होतं, आमच्या बाईंनी ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं. अंतिम तारखेच्या चारपाच महिने आधी लिहा. यजमानाच्या विद्यापीठाची अंतर्गत तारीख आधीची असते, हे बहुतेकांना उशिरा कळतं.

संशोधन-आराखड्यात काय असावं?

एक प्रश्न. तीन नकोत. कुठल्या अभिलेखागारात, कुठल्या दप्तरसंग्रहात, किती महिने बसणार, हे नावानिशी लिहा. ‘जपानमधील विविध ग्रंथालयांना भेट देईन’ असं वाचलं की परीक्षकाला कळतं, या माणसाने अजून सूचीही उघडलेली नाही.

दिवसभर तुम्ही करता तरी काय?

हे सांगायला मला मनापासून आवडतं. टोकियोत नागाताचोला राष्ट्रीय संसद ग्रंथालय आहे. तिथे प्रांगे संग्रहाच्या फिल्म पाहता येतात. १९४५ ते १९४९ या काळात अमेरिकी सेन्सॉरकडे गेलेली जपानी मासिकं, पुस्तकं, वृत्तपत्रं त्यात आहेत. मूळ संग्रह अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात आहे. मशीनवर पान सरकवलं की छपाईपूर्वीच्या मजकुरावर सेन्सॉरची खूण दिसते आणि एक अख्खा परिच्छेद काटलेला असतो. भुकेबद्दल जास्त बोलणं, काळा बाजार, अमेरिकी सैनिकांचे स्थानिक बायकांशी संबंध, ताबा सरकारवर टीका, हे सगळं निषिद्ध. आणि सेन्सॉर आहे हे सांगणंही निषिद्ध. युद्धाआधीच्या जपानी सेन्सॉरने काढलेल्या शब्दांच्या जागी फुल्या राहू दिल्या होत्या, वाचकाला निदान कळायचं की इथे काही होतं. ताबा काळात मोकळी जागाही दिसू द्यायची नव्हती. संपादकाला ती भरून काढावी लागे. छापलेला अंक आणि हा काटलेला मसुदा शेजारी ठेवून वाचताना संध्याकाळ कधी होते ते कळत नाही. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येत नाहीत. प्रतींसाठी अर्ज भरायचा आणि पैसे मोजायचे. म्हणून मी हाताने खूप उतरवून घेते.

कधी गाडी पकडून मायझुरूला जाते. सायबेरियातून परतणाऱ्यांची जहाजं या बंदराला लागत. युद्धानंतर सोव्हिएत संघाने पावणेसहा लाखांच्या आसपास जपानी माणसं श्रमछावण्यांत नेली, पंचावन्न हजारांच्या आसपास तिथेच गेली. तिथल्या संग्रहालयात एका कैद्याची रोजनिशी आहे, भूर्जाच्या सालीवर लिहिलेली. कागद नव्हता, म्हणून साल. शाई नव्हती, म्हणून काजळी पाण्यात कालवलेली. टाक रिकाम्या डब्याच्या पत्र्याचा. आपल्याकडे भूर्जपत्र म्हटलं की जुन्या पोथ्या आठवतात, इथे विसाव्या शतकातला माणूस त्यावर कविता लिहीत होता. अक्षरं इतकी बारीक की काचेला नाक लावावं लागतं. २०१५ मध्ये हा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेला.

पैसे पुरतात का? कुटुंब नेता येतं का?

जपानच्या वर सांगितलेल्या फेलोशिपमध्ये पीएचडी झालेल्याला महिन्याला ३,६२,००० येन मिळत आले आहेत, शिवाय जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि सुरुवातीला बस्तान बसवायला २,००,००० येन. एकट्या माणसाला नीट पुरतं. कुटुंब नेता येतं, पण टोकियोत काटकसर करावी लागते. घर घेताना डिपॉझिटशिवाय घरमालकाला ‘रेइकिन’ नावाची परत न मिळणारी रक्कम बऱ्याच ठिकाणी द्यावी लागते आणि जामीनदारही लागतो. विद्यापीठाचं निवासस्थान मिळत असेल तर हातचं सोडू नका.

पीएचडी जमा केली आहे, पण व्हायवा बाकी आहे. अर्ज करू का?

बऱ्याच ठिकाणी चालतं, रुजू होण्याआधी पदवी हाती हवी एवढीच अट असते. पण आपल्याकडे प्रबंध जमा केल्यापासून व्हायवापर्यंत किती महिने जातील हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मार्गदर्शकांकडून अपेक्षित तारखेचं लेखी पत्र घ्या.

दोन वर्षांनंतर काय?

खोटा धीर देणार नाही. पूर्व आशियाच्या इतिहासाच्या कायम जागा भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि बाहेर स्पर्धा कडक आहे. काही जणांना दुसरा पोस्टडॉक करावा लागतो. काही जण भाषांतर, प्रकाशन, संग्रहालयं, परराष्ट्र धोरणाच्या संस्था यांत जातात आणि समाधानाने राहतात. पुस्तकाचं हस्तलिखित आणि दोन चांगले लेख दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात असतील तर पुढची दारं उघडतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत नुसते कागद गोळा करत बसू नका, लिहायला लागा. मला हे फार उशिरा उमगलं आणि पहिला लेख परत आला तेव्हा मुदतीचे चारच महिने उरले होते.

आत्ता, परदेशी जाण्याआधी, काय करता येईल?

पुष्कळ. जपानच्या आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्राचं संकेतस्थळ २००१ पासून मोफत खुलं आहे, तिथे रोज एक दस्तऐवज वाचा. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ उघडा आणि कोरिया, १९५३ असं शोधून बघा. आणि तुमच्या तालुक्यात मराठा पलटणीतल्या जुन्या सैनिकांची घरं असतील तर तिथे एकदा जा. पेटीत एखादं जपानहून आलेलं पत्र, एखादा फोटो असू शकतो. तो मागून घेऊ नका. तिथेच बसून, त्यांच्या परवानगीने फोटो काढा, मागे काय लिहिलं आहे तेही टिपा आणि कुणी, कधी, कुठे दाखवला ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.